गाठीशेजारी

मीटरच्या दोन काड्या तारेच्या दोन टोकांना लावल्या
तर पडद्यावर नुसता एक आला,
डावीकडं, भिंतीला टेकून उभा.
एक म्हणजे एक नव्हे, शफीकभाईंनी मागं सांगितलं होतं,
एक म्हणजे पलीकडं कुणी उचलत नाही.

म्हणजे कॉइल गेली. परत.
उद्या बोद्धूलांकडं साखरपुडा,
दीडशे नानकटाई कबूल केलेली, वेलदोड्याची,
आणि तुपात फेटलेलं पीठ परातीत सैल पडत चाललेलं.
मे महिना, दुपारचे तीन, त्रेचाळीस.
"गच्चीवर ठेव की ट्रे," दीर म्हणाला,
"सोलापुरात ओव्हन घेतंय कोण!"
दरवर्षी हाच विनोद. दरवर्षी तोच हसतो.

प्लग काढून लांब ठेवला,
तरी आत हात घालताना खांदा आखडतोच.
चार स्क्रू, त्यातल्या एकाची खाच झिजलेली,
तो सुरीच्या टोकानं, शिव्या देत.
जाळी. पत्रा. पत्र्याखाली सात वर्षांची साखर
कोळसा होऊन चिकटलेली.
आणि चिनीमातीच्या मण्यांत ओवलेली तार.

याआधी दोनदा तुटली. दोन्ही वेळा आईनं जोडली.
कन्ना चौकामागच्या कारखान्यात
एकोणतीस वर्षं तिनं कांड्या भरल्या.
सूत तुटलं की अंगठा, तर्जनी,
एक वळसा, दुसरा, ओढ.
बघायची गरज नव्हती, म्हणून आता
दिसत नसतानाही जमतं.
"मुडी वेय्," ती आजही आतून म्हणाली. गाठ मार.
चादरींचा कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली,
तुटण्यावर तिच्याकडं अजून तेवढंच औषध.

मी चप्पल घातली.

नव्या पेठेत शफीकभाईंनी विचारलं, किती वॅटची?
लेबल मीच घासून घासून पुसलेलं.
मग त्यांनी जुनी तार काउंटरवर आडवी ठेवली,
नखानं जाडी बघितली, जरा तोंडातल्या तोंडात मोजलं,
म्हणाले, हजारची असंल.
"अन् जोड नको मारू बेटी.
जोडापाशी जास्त तापतं, तापलं की तिथंच जातं."
एकशे साठ रुपये.
मणी जुनेच वापर, म्हणाले,
आता असले येत नाहीत.

जुने मणी उतरवून नव्या तारेत ओवायला तास गेला.
दोन फुटले. एक खाटेखाली गेला
तो पोरानं झाडूनं काढून दिला, कुरकुरत.
स्क्रू तीनच बसले.

पहिली दहा मिनिटं रिकामा चालवायचा असतो.
धूर आला, नव्या तेलाचा, डोळ्यांत जाणारा.
पंखा बंद केला, का ते कळलं नाही, पण केला.
काचेआड तार बराच वेळ काळीच,
मग एका टोकाला जराशी लाज वाटल्यासारखी,
मग सगळीच.
मी खाली बसून बघत राहिले.
दीर काही बोलला नाही.

आईनं विचारलं, "कुठं मारलीस गाठ?"
"नाही मारली. नवीन घातली."
ती गप्प झाली.
मग वर्तमानपत्रावर पडलेली जुनी तार
तिनं चाचपडत मांडीवर घेतली,
आणि बोटं एका टोकाकडून चालत निघाली,
सावकाश, कांडी तपासावी तशी.
पहिल्या गाठीशी थांबली. ओढून बघितली.
दुसरीशी थांबली. ओढून बघितली.

"दोन्ही आहेत," ती म्हणाली.
मीही वाकून बघितलं.
दोन्ही होत्या, काळ्या, मोहरीएवढ्या, घट्ट.
तुटलं होतं ते दुसरीच्या शेजारी,
अर्ध्या बोटावर.

"ट्रे सरकव आत," आई म्हणाली,
"पीठ उतरतंय."